नाजूक पोटाचा कुत्रा: खाण्यावर पैसा कुठे घालावा, कुठे वाचवावा

कुत्र्याचं पोट वरचेवर बिघडायला लागलं की घरात पहिला संशय त्याच्या खाण्यावर जातो आणि पहिला खर्च नव्या बॅगेवर होतो. दुकानदार एक खाणं सुचवतो, सकाळी बागेत भेटणारे दुसरं सांगतात, ऑनलाइन तिसरं सापडतं. दोन महिन्यांनी घरात तीन अर्धवट बॅगा पडलेल्या असतात आणि जुलाब चालूच असतात. दोष बहुतेक वेळा त्या बॅगांचा नसतो. इतके बदल एकापाठोपाठ एक होतात की कशाने काय झालं, हे कळायला वावच उरत नाही.

नाजूक पोटाच्या कुत्र्यासाठी सगळ्यात महागडं खाणं घेण्याची गरज क्वचितच पडते. गरज असते ती योग्य क्रमाने खर्च करण्याची: आधी तपासणी, मग साधं खाणं, मग एका वेळी एकच बदल, आणि प्रत्येक बदलाला पुरेसे दिवस. तो क्रम आणि त्याचा हिशेब इथे मांडला आहे. दर मोठ्या शहरांतले आणि ढोबळ आहेत. गाव, दवाखाना आणि दुकान यांप्रमाणे ते खालीवर होतात, म्हणून आधी विचारून घ्या.

खाणं बदलण्याची वाट पाहू नये, अशी लक्षणं

पुढच्यापैकी काहीही दिसलं तर खाण्याचा विचार बाजूला ठेवून त्याच दिवशी पशुवैद्यकाकडे जा:

- शीमध्ये भरपूर रक्त, किंवा काळी, डांबरासारखी शी.
- जुलाबांबरोबर वारंवार उलट्या. पाणीही पोटात न टिकणं.
- मलूलपणा, ताप, फिकट किंवा कोरड्या हिरड्या. गुदद्वारात मोजलेलं निरोगी कुत्र्याचं तापमान साधारण ३८ ते ३९.२ अंश सेल्सिअस असतं, म्हणजे माणसापेक्षा जास्त. नुसता हात लावून ताप ठरवू नका.
- पोट फुगणं आणि उलटीचे कोरडे उमाळे. मोठ्या, खोल छातीच्या कुत्र्यांत ही जीवावरची वेळ असू शकते.
- लसीकरण पूर्ण न झालेल्या पिल्लाला जुलाब. पार्व्हो या विषाणूच्या आजारात काही तासांचा उशीरही महागात पडतो.

माणसांची औषधं मनाने देऊ नका. आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल कुत्र्यांना घातक ठरू शकतात. जुलाब थांबवणारं लोपेरामाइड कोली आणि तिच्या नात्यातल्या काही जातींमध्ये मेंदूवर गंभीर परिणाम करतं. मेट्रोनिडाझोलच्या उरलेल्या गोळ्याही नकोत. साध्या जुलाबांत प्रतिजैविकांची गरज बहुतेकदा नसते आणि त्यांनी आतड्यातल्या उपयोगी जिवाणूंची घडी विस्कटते.

पहिला खर्च: शीची तपासणी

पोट बिघडण्याची कारणं खाण्याबाहेरही पुष्कळ असतात. पावसाळ्यात डबक्यातलं पाणी चाटणाऱ्या, कचरा हुंगणाऱ्या कुत्र्यांत जंत आणि जिआर्डिया नावाचा आतड्यातला परजीवी नेहमी सापडतात. गोचीड तापातही कुत्रा खाणं सोडतो. जंत पोटात असताना हजार रुपये किलोचं खाणं घातलं तरी शी घट्ट होणार नाही.

म्हणून सुरुवात इथून करा:

- पशुवैद्यकाचा सल्ला: ४०० ते १,००० रुपये, लहान गावांत त्याहून कमी.
- सूक्ष्मदर्शकाखाली शीची तपासणी: २०० ते ५०० रुपये.
- जंताचं औषध: वजनाप्रमाणे, २५ किलोच्या कुत्र्याला साधारण २०० ते ४०० रुपये.
- गरज पडल्यास रक्ताच्या तपासण्या: १,५०० ते ३,५०० रुपये.
- सोनोग्राफी: १,५०० ते ३,५०० रुपये. ही पहिल्याच भेटीत सहसा लागत नाही.

शीचा नमुना त्याच दिवसाचा हवा. स्वच्छ डबीत घालून तो काही तासांत पोहोचवा. जिआर्डिया रोज शीतून बाहेर पडतोच असं नाही, त्यामुळे एक नमुना स्वच्छ आला तरी डॉक्टर दोन-तीन वेगवेगळ्या दिवसांचे नमुने मागू शकतात. जंतांसाठीची एका दिवसाची नेहमीची गोळी जिआर्डियाला पुरत नाही, त्याला सलग काही दिवसांचं औषध लागतं. "जंताचं औषध तर दिलंय" म्हणून तपासणी टाळू नका.

खर्च परवडत नसेल तर सरकारी पशुवैद्यकीय दवाखाने आणि पशुवैद्यक महाविद्यालयांची रुग्णालयं खासगीपेक्षा बरीच स्वस्त असतात. मुंबईत परळला पशुवैद्यक महाविद्यालय आणि बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय आहे. नागपूर, परभणी, उदगीर आणि सातारा जिल्ह्यात शिरवळ इथेही पशुवैद्यक महाविद्यालयं आहेत.

डॉक्टरांना नुसतं "पोट बिघडलंय" सांगण्याऐवजी शीचं नेमकं वर्णन करा. जमल्यास फोटो दाखवा. दिवसातून दोन-तीनदा, पण भरपूर पातळ शी आणि उतरणारं वजन हे बहुधा लहान आतड्याच्या बिघाडाचं चिन्ह. सारखं बसणं, कुंथणं, थोडी थोडी शी, आव आणि शेवटी ताज्या रक्ताचा ठिपका, असं असेल तर बिघाड बहुधा मोठ्या आतड्याचा. दोन्हींचे उपाय वेगळे आहेत. मोठ्या आतड्याच्या त्रासात इसबगोलसारखा तंतू पुष्कळदा गुण देतो, पण मात्रा डॉक्टरांकडूनच घ्या. भरपूर खाऊनही वजन घटत असेल, त्यातही जर्मन शेफर्डमध्ये, तर स्वादुपिंडातून पाचकरस कमी पडतोय का, हे आधी पाहावं लागतं. तिथे खाणं बदलून भागत नाही, पाचक विकर पूड स्वरूपात द्यावं लागतं.

पहिले तीन-चार दिवस: भात आणि उकडलेलं चिकन

मोठ्या कुत्र्याचे एकदा-दोनदाचे जुलाब असतील, तो खेळतोय, पाणी पितोय, तर साधा आहार पुरतो. मऊ शिजलेला पांढरा भात आणि कातडी-हाडं काढलेलं उकडलेलं चिकन, मीठ-मसाला-तेल-तूप काहीही न घालता. आकारमानाने भाताचे दोन ते तीन भाग, चिकनचा एक. रोजचं जेवण दोन वेळांऐवजी चार वेळांत विभागा.

२५ किलोच्या कुत्र्याला आजारपणातल्या पहिल्या दिवसांत अंदाजे ७५० ते ८०० किलोकॅलरी पुरतात. त्यासाठी २०० ग्रॅम कच्चं बोनलेस चिकन आणि १५० ग्रॅम कोरडे तांदूळ लागतात. चिकन ३०० ते ४०० रुपये किलो आणि तांदूळ ५० ते ६० रुपये किलो धरले तर दिवसाचा खर्च ७० ते ९० रुपये. १० किलोच्या कुत्र्याला याच्या निम्मं.

उकडलेला लाल भोपळा चमचा-दोन चमचे चालतो. दूध नको. पुष्कळ प्रौढ कुत्र्यांना दुधातली साखर पचत नाही आणि घराघरांतल्या "पोट नाजूक आहे" या तक्रारीमागे रोजची दूध-पोळीच निघते. दह्यात ही साखर कमी असते, म्हणून दही-भात अनेकांना सोसतो. पण खाण्याच्या ॲलर्जीचा संशय असेल तर दुधाचा कोणताही पदार्थ बंद.

चार दिवसांत शी घट्ट झाली की नेहमीच्या खाण्याकडे हळूहळू परता. भात-चिकन महिनोन्‌महिने चालवू नका. त्यात कॅल्शियम जवळजवळ नसतं आणि इतरही बरंच काही कमी पडतं. पिल्लांच्या हाडांवर त्याचा परिणाम लवकर होतो.

ताटलीबाहेर पोटात काय जातं?

हा टप्पा फुकट आहे आणि सगळ्यात जास्त वेळा गाळला जातो. दोन आठवडे एक वही ठेवा. तोंडात गेलेली प्रत्येक गोष्ट, वेळ आणि शीचा प्रकार लिहा. घरातल्या प्रत्येकाला लिहायला लावा: आजोबांनी चहाबरोबर दिलेलं बिस्किट, मुलांनी टाकलेला चपातीचा तुकडा, वॉचमनने दिलेला पाव, कामाला येणाऱ्या मावशींनी प्रेमाने घातलेला भात.

चघळायच्या वस्तूंकडेही पाहा. चुरपी दुधापासून बनते. "कॅल्शियम बोन" म्हणून मिळणाऱ्या कांड्यांत अनेकदा दुधाची पावडर असते. मऊ मांसाच्या कांड्या बहुधा चिकनच्या. जंताच्या आणि गोचिडीच्या चवदार गोळ्यांतही मांसाचा किंवा सोयाचा अंश असू शकतो. औषध चीजमध्ये किंवा पेढ्यात लपवून देत असाल तर तेही लिहा.

वरचा खाऊ रोजच्या एकूण कॅलरींच्या दहाव्या भागाच्या आत राहिला पाहिजे. कांदा, लसूण, द्राक्षं, मनुका, चॉकलेट, झायलिटॉल असलेले शुगरफ्री पदार्थ आणि शिजवलेली हाडं यांना मात्र कोणत्याही प्रमाणात जागा नाही. दिवाळीत तळणाचे तुकडे किंवा मटणाची चरबी खाऊन स्वादुपिंडाला सूज आलेले कुत्रे दरवर्षी दवाखान्यात दाखल होतात. सलाइन आणि मुक्कामाचं ते बिल हजारोंत जातं.

पुष्कळ कुत्र्यांचं पोट या एका वहीनेच ताळ्यावर येतं. तसं झालं तर नवी बॅग घ्यायची गरजच नाही.

खाण्याचा खरा दर कसा काढायचा

बॅगेची किंमत फसवी असते, किलोचा दरही पुरता खरा नसतो. कुत्रा कॅलरी खातो, म्हणून हिशेब कॅलरींवर करा.

नसबंदी झालेल्या, मध्यम हालचाल असणाऱ्या १० किलोच्या कुत्र्याला, समजा बीगलला, दिवसाला अंदाजे ६३० किलोकॅलरी लागतात. २५ किलोच्या लॅब्रेडॉरला किंवा मोठ्या देशी कुत्र्याला सुमारे १,२५०. वजन अडीचपट असलं तरी गरज दुप्पटच आहे, कारण लहान शरीराला किलोमागे जास्त ऊर्जा लागते. नेमकं प्रमाण प्रत्येक कुत्र्याचं वेगळं. बरगड्या हाताला लागतात पण डोळ्यांत भरत नाहीत, अशी अंगकाठी राहिली की प्रमाण बरोबर समजावं.

कोरड्या दाण्यांच्या १०० ग्रॅममध्ये बहुधा ३५० ते ४०० किलोकॅलरी असतात. म्हणजे बीगलला दिवसाला सुमारे १७० ग्रॅम आणि लॅब्रेडॉरला ३४०. महिन्याला अनुक्रमे ५ किलो आणि १० किलो. हे दोन आकडे लक्षात ठेवले की दुकानात उभ्या उभ्या हिशेब होतो:

- रोजचं साधं कोरडं खाणं, २०० ते ३०० रुपये किलो: बीगल १,००० ते १,५००, लॅब्रेडॉर २,००० ते ३,००० रुपये महिना.
- वरच्या दर्जाचं खाणं, ५०० ते ८०० रुपये किलो: बीगल २,५०० ते ४,०००, लॅब्रेडॉर ५,००० ते ८,०००.
- पोटाच्या विकारांसाठीचं पशुवैद्यकीय खाणं, ८०० ते १,२०० रुपये किलो: बीगल ४,००० ते ६,०००, लॅब्रेडॉर ८,००० ते १२,०००.
- ॲलर्जीसाठीचं हायड्रोलाइज्ड (प्रथिनांचे बारीक तुकडे केलेलं) खाणं, १,००० ते १,६०० रुपये किलो: बीगल ५,००० ते ८,०००, लॅब्रेडॉर १०,००० ते १६,०००.

आता कॅलरींची पायरी. एक खाणं २५० रुपये किलो आहे आणि त्याच्या १०० ग्रॅममध्ये ३३० किलोकॅलरी आहेत. दुसरं ३०० रुपये किलो, पण १०० ग्रॅममध्ये ४००. हजार किलोकॅलरींमागे पहिलं ७६ रुपयांना पडतं, दुसरं ७५ रुपयांना. "महाग" वाटलेलं खाणं प्रत्यक्षात बरोबरीचं निघालं. शिवाय कमी दाणे पुरतात आणि शीही कमी होते.

ओल्या खाण्याची पाकिटं रोजच्या पोटभर जेवणासाठी फार महाग पडतात, कारण त्यांत सुमारे ८० टक्के पाणी असतं. भूक मेलेल्या कुत्र्याला दाण्यांवर थोडं घालायला ती चांगली. त्यावरचं "प्रथिनं ८ टक्के" वाचून दचकू नका. पाणी वजा केलं तर कोरड्या भागात ती ४० टक्के होतात. दोन प्रकारच्या खाण्यांची तुलना नेहमी पाणी वजा करूनच करावी.

बॅगेवर काय वाचावं

पुढच्या बाजूची चित्रं सोडा, मागची बाजू वाचा.

*घटकांची यादी.* ती वजनाच्या उतरत्या क्रमाने असते. पुढे "लॅम्ब अँड राइस" लिहिलेलं असलं तरी मागे चिकन मील, चिकन फॅट किंवा अंड्याची पूड सापडते. कुत्र्याला चिकन सोसत नसेल तर ही बॅग त्याच्या उपयोगाची नाही.

*संपूर्ण आहार की पूरक.* "कम्प्लीट अँड बॅलन्स्ड" असा उल्लेख आणि तो कोणत्या वयासाठी, हे पाहा. अमेरिकेतल्या आफको किंवा युरोपातल्या फेडियाफच्या पोषणमानांचा संदर्भ असेल तर बरं. 'कॉम्प्लिमेंटरी' लिहिलेलं खाणं एकट्याने पुरत नाही.

*चरबी.* ज्यांचं पोट तळकट खाण्याने बिघडतं किंवा ज्यांना स्वादुपिंडाचा त्रास होऊन गेला आहे, त्यांच्यासाठी हा आकडा प्रथिनांइतकाच महत्त्वाचा. किती चालेल ते डॉक्टरांना विचारा.

*तारीख आणि एककाचा दर.* बंद पाकिटावर एमआरपीबरोबर प्रति किलो किंवा प्रति ग्रॅम दर छापणं बंधनकारक आहे. जनावरांचं खाद्य अन्नसुरक्षा कायद्यातल्या "अन्ना"च्या व्याख्येत येत नाही. त्यामुळे माणसांच्या पाकिटावरचा एफएसएसएआयचा शिक्का इथे दर्जाची खूण म्हणून शोधू नये. तारीख उलटलेली, बुरशी आलेली किंवा फोडलेली बॅग मिळाली तर बिल आणि फोटो जपून ठेवा. दुकानदाराने दाद दिली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

"सेन्सिटिव्ह", "नॅचरल", "हॉलिस्टिक" या शब्दांवर भरवसा ठेवून जास्त पैसे मोजू नका. "ग्रेन फ्री"चंही तेच. धान्याची ॲलर्जी असते, पण मांस आणि दुधाच्या ॲलर्जीपेक्षा कमी कुत्र्यांत. अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनाने २०१८ मध्ये वाटाणा, मसूर, बटाटा यांवर आधारलेल्या अशा खाण्यांचा हृदयविकाराशी संबंध आहे का, याचा तपास सुरू केला. नेमकं कार्यकारण सिद्ध झालेलं नाही. पण कारण नसताना धान्य वगळण्यासाठी दुप्पट दर देण्यात शहाणपण नाही.

वगळून पाहण्याचा आहार

तपासण्या स्वच्छ, वही चोख, तरी जुलाब परत परत येतात. आता खाण्याचीच कसून परीक्षा घ्यायची. दीर्घकाळ पोट बिघडलेल्या कुत्र्यांपैकी अर्ध्याहून अधिक नुसत्या आहारबदलाने सुधारतात, म्हणून इथे केलेला खर्च सार्थकी लागण्याची शक्यता चांगली आहे.

कुत्र्यांच्या ॲलर्जीत सर्वाधिक वेळा सापडणारे पदार्थ म्हणजे बीफ, दूध, चिकन आणि गहू. यातले तीन आपल्या घरांत रोज ताटलीत पडतात. म्हणून त्याने आजवर न खाल्लेलं प्रथिन आणि न खाल्लेला पिष्ट पदार्थ निवडायचा आणि त्या दोनांशिवाय काहीही द्यायचं नाही. दोन वाटा आहेत.

पहिली वाट हायड्रोलाइज्ड खाण्याची. यात प्रथिनांचे इतके बारीक तुकडे केलेले असतात की शरीराला ते सहसा ओळखता येत नाहीत. रॉयल कॅनिन, हिल्स, फार्मिना यांची अशी खाणी मिळतात. ती डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावीत. आहार संतुलित असतो, चूक व्हायला जागा कमी. लॅब्रेडॉरला तीन आठवड्यांना ७ किलो लागेल, म्हणजे ७,००० ते ११,२०० रुपये.

दुसरी वाट घरी शिजवण्याची. आजवर बोकडाचं मटण खाल्लं नसेल तर मटण आणि रताळं ही आपल्याकडची सोपी जोडी. लॅब्रेडॉरला दिवसाला २५० ग्रॅम बिनहाडाचं मटण, ९०० ग्रॅम रताळी, मोठा चमचाभर तेल. खर्च दिवसाला २७० ते ३३० रुपये. तीन आठवड्यांचे ५,७०० ते ६,९००. किनारपट्टीवर मासा स्वस्त पडत असेल आणि कुत्र्याने तो कधी खाल्ला नसेल तर काटे पूर्ण काढून तोही चालतो. हा आहार प्रौढ कुत्र्याला काही आठवडेच द्यायचा. पिल्लाला तो देऊ नका.

बाजारातली "एकच प्रथिन" सांगणारी साधी खाणी या परीक्षेसाठी घेऊ नका. वेगवेगळ्या देशांतल्या तपासण्यांत अशा अनेक खाण्यांत यादीत नसलेली प्रथिनं सापडली आहेत. परीक्षा झाल्यावर रोजच्या खाण्यासाठी त्यांचा विचार करता येतो.

नियम तीन.

एक: नवं खाणं सात ते दहा दिवसांत हळूहळू आणा. आधी पाव भाग नवं, मग अर्धं, मग पाऊण, मग पूर्ण. तीन आठवड्यांची मोजणी पूर्ण नव्या खाण्यावर आल्यापासून सुरू करायची.

दोन: पोटाचा फरक बहुधा दोन-तीन आठवड्यांत कळतो. खाजही असेल तर आठ आठवडे लागतात. त्याआधी खाणं बदललं तर आधीचा सगळा खर्च पाण्यात जातो.

तीन: या काळात बाहेरचा एकही घास नको. पाहुण्यांना सांगा, वॉचमनला सांगा, गळ्यातल्या पट्ट्याला चिठ्ठी बांधा. घराबाहेर हुंगत फिरणाऱ्याला तोंडाला जाळी लावा. चवदार गोळ्यांऐवजी साध्या गोळ्या मागून घ्या.

सुधारणा झाली की शेवटची पायरी येते, आणि ती बहुतेकजण टाळतात: जुनं खाणं मुद्दाम पुन्हा देऊन पाहणं. काही तासांपासून दोन आठवड्यांपर्यंत त्रास उलटला तर खाणंच कारण होतं, हे पक्कं झालं. मग पोट शांत झाल्यावर एकेक पदार्थ वेगळा देऊन पाहा: एक आठवडा फक्त चिकन, मग खंड, मग फक्त अंडं, मग गहू. ज्याने त्रास होतो त्यावर कायमची फुली. पूर्वी रक्त पडण्याइतका त्रास झाला असेल तर ही पायरी डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करा.

कायमचं घरचं जेवण

शाकाहारी घरांत आणि ज्यांना ताजं शिजवून घालायचं आहे त्यांच्या मनात कायम घरचंच जेवण घालावं का, हा प्रश्न हमखास येतो. चांगलं करता येतं, पण ते स्वस्त पडत नाही. लॅब्रेडॉरला रोज ३५० ग्रॅम बोनलेस चिकन, १८० ग्रॅम तांदूळ, भाजी, चमचाभर तेल असं धरलं तर दिवसाला १३० ते १६५ रुपये, म्हणजे महिन्याला ४,००० ते ५,००० होतात. गॅस, वेळ आणि पूरकं वेगळी.

पूरकांशिवाय हे जेवण अपुरं आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी २०१३ मध्ये कुत्र्यांच्या घरगुती जेवणाच्या २०० कृती तपासल्या. ९५ टक्के कृतींत किमान एक आवश्यक पोषकद्रव्य कमी होतं. कॅल्शियम, जस्त, तांबं, ड आणि ई जीवनसत्त्वं अंदाजाने भरून निघत नाहीत. आहारशास्त्र जाणणाऱ्या पशुवैद्यकाकडून कुत्र्याच्या वजनाप्रमाणे कृती लिहून घ्या. त्याचे एकदा दोन-चार हजार रुपये गेले तरी ते द्यावेत. नंतर त्या कृतीत मनाने अदलाबदल करू नका. पूर्ण शाकाहारी आहार द्यायचा असेल तर हे मार्गदर्शन अपरिहार्यच आहे. वरण-भात आणि पोळी यांवर कुत्रा जगतो, पण त्याचं पोषण होत नाही.

इथे पैसे वाचवा

- खाण्याच्या ॲलर्जीसाठी रक्त, लाळ किंवा केसांच्या तपासण्या. काही हजारांना मिळतात, पण त्यांचे निष्कर्ष भरवशाचे नाहीत. वगळून पाहणं हीच खात्रीची परीक्षा.
- सुटं खाणं. वीस किलोची बॅग फोडून किलोवर विकलेले दाणे स्वस्त दिसतात. पण बॅग कधी फोडली, तारीख काय, यादी काय, काहीच कळत नाही. उघड्या हवेत चरबी खवट होते. कोकण-मुंबईच्या पावसाळी दमटपणात बुरशी धरते आणि बुरशीचं विष यकृतावर जातं.
- गरजेपेक्षा मोठी बॅग. फोडलेली बॅग महिना-दीड महिन्यात संपली पाहिजे. बीगलसाठी १० किलोची बॅग पावसाळ्यात नको. दाणे मूळ पिशवीतच ठेवून ती पिशवी घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा.
- नवं खाणं आजमावताना नेहमी सगळ्यात लहान पाकीट घ्या. किलोमागे थोडं महाग पडेल, पण सोसलं नाही तर नुकसान कमी. फोडलेली बॅग परत घेणार का, हे आधी विचारा.

एकूण खर्च आणि त्यातून काय मिळतं

दोनदा सल्ला, शीची तपासणी, जंताचं औषध आणि तीन आठवड्यांचं हायड्रोलाइज्ड खाणं धरलं तर लॅब्रेडॉरसाठी हा सगळा शोध साधारण ८,२०० ते १४,१०० रुपयांत होतो. बीगलसाठी खाण्याचा भाग निम्मा होतो. यातला सुरुवातीचा दीड-दोन हजारांचा टप्पाच अनेकांना पुरतो. पुढची पायरी तेव्हाच चढा, जेव्हा आधीची पूर्ण झाली असेल.

पैसे कमी असतील तर वाटण्या अशा कराव्यात: शीची तपासणी कधीही गाळू नये, वही फुकट आहे ती काटेकोर ठेवावी, आणि वगळण्याचा आहार घरी शिजवून करावा.

जुनं खाणं पुन्हा देऊन पाहण्याचा टप्पा वरून जाचक वाटतो, पण पुढच्या सगळ्या वर्षांचा खर्च तोच ठरवतो. समजा, लॅब्रेडॉर हायड्रोलाइज्ड खाण्यावर बरा झाला आणि मालक घाबरून तेच चालू ठेवतो, तर १,१०० रुपये किलोने महिन्याला ११,००० रुपये जातील. एकेक पदार्थ तपासल्यावर फक्त चिकन सोसत नाही असं निघालं, तर यादीत कुठेही चिकन नसलेलं, माशाचं ६०० रुपये किलोचं खाणं त्याला पुरेल. महिन्याला ५,००० रुपये वाचतील, वर्षाला ६०,०००. शिवाय अंडं, मटण, भात त्याच्या वाट्याला परत येतील.

असं खाणं सापडलं की ते बदलू नका. सूट लागली म्हणून दुसरी बॅग आणू नका आणि संपायच्या आठवडाभर आधी नवी मागवा, म्हणजे दुकानात माल नाही म्हणून घाईचा बदल करावा लागणार नाही. सोसणाऱ्या आणि न सोसणाऱ्या पदार्थांची यादी फ्रिजवर लावा. एक प्रत डॉक्टरांकडे आणि एक सुट्टीत कुत्रा सांभाळणाऱ्यांकडे द्या.